ड्रायव्हर बदलण्याआधी पकड बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, उजव्या हातानं खेळता, पुण्यात आयटीत नोकरी, कॉलेजात भरपूर क्रिकेट खेळलात. गोल्फ सुरू करून दोन वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन दर वेळी शंभर बॉल मारता, मोबाइलवर दिसतील ते व्हिडिओ पाहता. तरीही ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा (काठीचा), बॉल जरा डावीकडे निघतो आणि वळत वळत उजवीकडच्या झाडीत जातो, तर सात नंबरच्या आयर्ननं (मधल्या अंतराच्या, लोखंडी डोक्याच्या क्लबनं) बॉलच्या आधी जमीनच लागते. हँडिकॅप (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २४ वर अडकलाय. आता नवा ड्रायव्हर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता घेऊ नका. स्लाइस, म्हणजे हे उजवीकडचं वळण, कमी करणारे ड्रायव्हर असतात, त्यांच्या डोक्याचं वजन टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) सरकवलेलं असतं आणि त्यानं थोडा फरक पडतो. पण तुमचा बॉल जेवढा वळतोय, तेवढं वळण ते वजन खाऊन टाकणार नाही. त्या पैशांत चांगल्या शिक्षकाकडचे बरेच तास होतील.

आधी तुमच्या डाव्या हाताचा ग्लव्ह काढून उजेडात धरा. मनगटाच्या जवळ, करंगळीच्या बाजूला तळव्याचा जो फुगीर भाग असतो, तिथे तो झिजलाय का? माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले होते, तक्रार तुमच्यासारखीच, क्रिकेटही तुमच्यासारखंच खेळलेले. त्यांच्या ग्लव्हला नेमकं तिथे रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. बोटांच्या बाजूचं कातडं मात्र कोरं करकरीत. त्यांनी एकही बॉल मारायच्या आधी मला निम्मं निदान मिळालं होतं. क्लब बोटांत नव्हता, तळव्यात होता, आणि प्रत्येक फटक्याला तिथे घसरत, घासत होता. तुमचाही ग्लव्ह तसाच निघाला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच लिहिलंय असं समजा.

बॉल काय सांगतोय ते आधी नीट समजून घेऊ. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात ते साधारण सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. तेवढ्यात जे व्हायचं ते होतं. त्या क्षणी क्लबचा फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) कुठे बघतोय, मुख्यत्वे त्यावर बॉल कोणत्या दिशेला निघणार हे ठरतं. ड्रायव्हरच्या बाबतीत तर सुमारे ८५ टक्के. आणि बॉल हवेत कुठे वळणार हे ठरतं फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. तुमचा बॉल डावीकडे निघतो याचा अर्थ तुमचा फेस टार्गेटच्या डावीकडे बघत असतो. मग तो उजवीकडे का वळतो? कारण क्लबचा मार्ग त्याहूनही जास्त डावीकडे चाललेला असतो. त्या मार्गाच्या हिशेबानं फेस उघडाच, म्हणजे उजवीकडे वळलेलाच, राहतो. क्लब बाहेरून आत (बॉलच्या पलीकडून तुमच्या बाजूला) येतो, बॉलला कापतो आणि बॉल उजवीकडे फिरायला लागतो. आणखी एक गोष्ट यात भर घालते. ड्रायव्हरच्या टाचेकडे बॉल लागला की उजवीकडचं वळण वाढतं. पुढच्या वेळी रेंजवर जाताना साधी टाल्कम पावडर न्या, फेसवर हलकीशी लावा आणि फटका मारल्यावर बॉलचा ठसा कुठे उमटलाय ते बघा.

आता खरा मुद्दा. बाहेरून आत येणारा हा मार्ग हा मूळ रोग नाही. तो तुमच्या शरीरानं शोधलेला उपाय आहे. सुरुवातीच्या महिन्यांत तुमचा फेस टार्गेटच्या उजवीकडे उघडा राहायचा आणि बॉल थेट उजवीकडे जायचा. शरीर शहाणं असतं. उजवीकडे जातंय म्हटल्यावर ते नकळत डावीकडे ओढायला शिकलं. खांदा आधी फिरवायचा, हात वरून बाहेर टाकायचे, ही सवय तिथून लागली. म्हणून 'आतून बाहेर मारा, आतून बाहेर मारा' असं कुणी कितीही सांगितलं तरी ते तुमच्याकडून होत नाही. फेस उघडा असताना आतून मारलं तर बॉल शेजारच्या होलवर जाईल, हे तुमच्या शरीराला ठाऊक आहे आणि ते बरोबर आहे. आधी फेस बंद करायला शिका, मार्ग सुधारायला शरीर स्वतःच तयार होईल. हा क्रम उलटा केल्यामुळे लोकांची वर्षंच्या वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

फेस उघडा का राहतो? तुमच्या बाबतीत उत्तर क्रिकेटमध्ये आहे. बॅटचं वजन दांड्याच्या सरळ रेषेत असतं. स्ट्रेट ड्राइव्ह मारताना डावं कोपर उंच ठेवून बॅटचा चेहरा बॉलरकडेच राहील असं आपल्याला लहानपणापासून घोटवून घेतलेलं असतं. तिथे ते अगदी योग्य आहे. गोल्फ क्लबचं डोकं मात्र दांड्याच्या एका बाजूला लटकलेलं असतं, वजन दांड्याच्या रेषेत नसतं. स्विंगमध्ये फेस उघडतो आणि बॉलपाशी येताना तो परत फिरून बंद व्हावा लागतो, हात तसे वळावे लागतात. बॅटसारखा सरळ धरून ठेवला तर तो उघडाच येणार. हॉकी खेळलेली मुलं गोल्फ लवकर उचलतात, त्याचं एक कारण हेच. त्यांच्या काठीचंही वजन बाजूला असतं.

म्हणून पकड. घरी बसून करायचं काम आहे, रेंजची गरज नाही. सात नंबरचा आयर्न घ्या. त्याची खालची कड टार्गेटला काटकोनात ठेवा आणि मगच हात लावा. बरेच जण आधी धरतात आणि मग मनगटं फिरवून पकड बरोबर 'दिसेल' अशी करतात. त्यात फेसही फिरतो आणि सगळं मुसळ केरात. डाव्या हातात दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका ठेवा आणि तळव्याचा तो फुगीर भाग दांड्याच्या वर आणा. आता उजवा हात सोडून द्या. फक्त डाव्या तर्जनीचा आकडा आणि तो फुगीर भाग, एवढ्यावर क्लब आडवा हवेत राहिला पाहिजे. राहत नसेल, डोकं खाली पडत असेल, तर दांडा अजून तळव्यातच आहे. जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करा.

मान खाली घालून बघितलं की डाव्या हाताच्या दोन ते अडीच गाठी दिसल्या पाहिजेत. तुम्हाला आत्ता बहुधा एकच दिसत असेल. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे जायला हवी. उजव्या हाताच्या तळव्यात जी आयुष्यरेषा म्हणतात, ती डाव्या अंगठ्यावर बसवा, आणि त्या हाताची रेघही उजव्या खांद्याकडेच. क्रिकेटवाले उजवा हात हमखास फार वर चढवतात, त्यांची रेघ हनुवटीकडे जाते. उजवी करंगळी डाव्या तर्जनीत अडकवायची की वर ठेवायची, हा वाद सोडून द्या. जुन्या काळचे नामवंत खेळाडू हॅरी व्हार्डन यांच्या नावानं ओळखली जाते ती वर ठेवायची पद्धत. जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स दोघेही अडकवतात. तुमची बोटं लहान असतील तर अडकवा, नाहीतर काहीही करा.

एक सावधगिरी. जुन्या थोर खेळाडूंची पकड पाहून तुमची ठरवू नका. बेन हॉगन यांची पकड जगभर नावाजली जाते, पण त्यांना आयुष्याच्या पहिल्या टप्प्यात डावीकडे वळणाऱ्या हूकनं छळलं होतं आणि तो मोडण्यासाठी त्यांनी पकड मुद्दाम डावीकडे सरकवली. स्लाइसवाल्यानं तीच पकड घेणं म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचं औषध स्वतः पिणं. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ एकमेकांना छेद देतात ते याचमुळे. त्यात चूक कुणाचीच नसते, प्रत्येक जण वेगळ्या रोग्याशी बोलत असतो.

नवी पकड पहिले दोन-तीन आठवडे नकोशी वाटेल. क्लब हातातून निसटेल असं वाटेल. रोज टीव्हीसमोर बसून वीस वेळा क्लब खाली ठेवा आणि वीस वेळा नव्यानं पकडा. स्विंग करायचा नाही, फक्त पकडायचं. तेवढ्यानं हात सरावतात. आणि पहिल्याच आठवड्यात रेंजवर एक गोष्ट होईल, त्यासाठी तयार राहा: बॉल डावीकडे निघेल आणि डावीकडेच राहील. सरळ, वळण न घेता डावीकडे. घाबरून जुन्या पकडीवर जाऊ नका. ही आनंदाची बातमी आहे. फेस आणि मार्ग एकमेकांशी जुळले, म्हणून वळण गेलं. आता मार्ग तेवढा उरला.

मार्गासाठी पुठ्ठ्याचा एक रिकामा खोका घ्या. बॉलच्या पलीकडच्या बाजूला, बॉलपासून वीतभर लांब आणि टार्गेटच्या उलट दिशेला साधारण फूटभर मागे ठेवा. क्लब बाहेरून आला की खोका उडेल. सुरुवातीला अर्ध्या वेगानं मारा. आणि स्विंग खाली येताना काय वाटलं पाहिजे ते सांगतो. लहानपणी नदीवर किंवा तळ्यावर चपटा दगड घेऊन पाण्यावर भाकऱ्या काढल्या असतीलच. दगड टप्पे घेत जावा म्हणून तुम्ही काय करायचात? उजवं कोपर कमरेजवळून पुढे यायचं, हात मागून आडवा यायचा, आणि त्याआधी अंग पुढच्या पायावर गेलेलं असायचं. डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली आणणं, तोच आहे. मी मोठ्या माणसांनाही रेंजच्या कडेला उभं करून आधी खरोखर भाकऱ्या काढल्यासारखा हात फेकायला लावतो, मग क्लब देतो. खांदा वरून टाकायची सवय इतक्या लवकर दुसऱ्या कशानं सुटलेली मी पाहिली नाही.

उभं राहतानाही एक खोट असते. स्लाइसवाले हळूहळू डावीकडे तोंड करून उभे राहू लागतात, बॉल उजवीकडे जाणारच म्हणून. त्यामुळे मार्ग आणखी डावीकडे जातो. जमिनीवर एक काठी टार्गेटच्या रेषेला समांतर टाका आणि पाय, गुडघे, खांदे तिला समांतर आहेत का ते बघा. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या जरासा आतल्या रेषेत असावा. त्याहून पुढे गेला की खांदे आपोआप उघडतात.

आता फॅट शॉट, म्हणजे बॉलच्या आधी जमिनीला लागणारा तुमचा फटका. इथे रेंजवरच्या मॅटनं (चटईनं) तुम्हाला फसवलंय, आणि हे कुणी सांगत नाही. मॅटवर क्लब बॉलच्या चार बोटं आधी टेकला तरी तो घसरत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. तुम्हाला वाटतं, छान लागला. तोच फटका कोर्सवर मारला की क्लब मातीत रुततो आणि बॉल वीस पावलांवर पडतो. उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कडक असते, तेव्हा तर क्लब उसळून बॉलच्या डोक्यावर बसतो. म्हणजे रेंजवर तुम्ही शंभर वेळा चुकीचंच पक्कं करून येता.

जिथे गवतावरून मारू देतात अशा जागी, परवानगी घेऊन, क्रिकेटच्या क्रीजसाठी वापरतात ती फक्की घ्या आणि दोन-तीन हात लांबीची सरळ रेघ मारा. रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा. बॉल ठेवायचा नाही. सात नंबरच्या आयर्ननं रेघेवरून स्विंग करा आणि माती कुठून निघाली ते बघा. माती रेघेपाशी सुरू होऊन टार्गेटच्या बाजूला गेली पाहिजे. तुमची बहुधा रेघेच्या वीतभर मागे निघेल. दहा स्विंग, रेघेवर थोडं थोडं पुढे सरकत, आणि मग त्या दहा खुणांकडे उभं राहून बघा. कुणी शिकवायला नको, तुमचा स्विंग कुठे तळ गाठतो ते जमिनीवर लिहिलेलं असतं. रेंजवर फक्त मॅट असेल तर बॉलच्या वीतभर मागे घडी घातलेला पंचा ठेवा. त्याला न लागता बॉल मारायचा.

तळ मागे का जातो? कारण वजन उजव्या पायावर राहतं. बॉल उचलायचा म्हणून माणूस मागे झुकतो. उचलायची गरज नाही, ते काम फेसच्या उताराचं आहे. आयर्ननं बॉल लागताना बहुतेक वजन डाव्या पायावर गेलेलं असायला हवं. तपासायची सोपी युक्ती: फटका संपल्यावर बॉल जमिनीला टेकेपर्यंत तसेच उभे राहा, पट्ट्याचं बक्कल टार्गेटकडे, उजव्या पायाचा फक्त चवडा जमिनीवर. तोल जात असेल तर वजन वेळेवर पोचलं नाही. ड्रायव्हरला हा नियम थोडा बदलतो, बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) असतो आणि तो किंचित वर जाताना मारायचा असतो, म्हणून ही कसरत आयर्नचीच समजा.

तुमचं वय आणि दिवसभराचं बसणं यांचाही विचार करायला हवा. कंबर आणि खुबे आखडलेले असतील तर बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे वर नेताना) खांदे पूर्ण फिरत नाहीत, मग माणूस हातानंच क्लब वर नेऊन उंची भरून काढतो, आणि तिथून खाली येताना बाहेरूनच येतो. व्हिडिओतल्या पंचविशीच्या मुलाइतकं वळायचा हट्ट धरू नका. उजवं पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा, बॅकस्विंगला डावी टाच उचलली तर उचलू द्या. निक्लॉस उचलायचे आणि त्यांनी १८ मेजर (गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. आखूड पण पूर्ण वळलेला बॅकस्विंग लांब आणि हातानं उचललेल्यापेक्षा कितीतरी चांगला. पाठ दुखत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, मग बॉल मारा.

स्विंग दिसायला सुंदर असलाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेचे जिम फ्युरिक यांचा क्लब वर जाताना एका वाटेनं जातो आणि खाली येताना मोठा वळसा घेतो; कुठलाही शिक्षक तसा शिकवणार नाही. त्यांनी २००३ मध्ये यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) अवघ्या ५८ फटक्यांत फेरी पूर्ण केली. बॉलपाशी त्यांचा फेस दर वेळी एकाच जागी येतो. आपल्याकडे १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे कॅडींमधून, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांमधून, वर आले. कॅडींमधून वर आलेल्या खेळाडूंचे स्विंग मी जवळून पाहिलेत. एकाचा दुसऱ्यासारखा नसतो, पण प्रत्येकाला स्वतःचा बॉल कुठे जाणार हे पक्कं माहीत असतं.

राहता राहिली सरावाची पद्धत, आणि यात तुम्हाला सर्वांत मोठा बदल करावा लागेल. शंभर बॉल पाऊण तासात संपवणं हा व्यायाम झाला. तेवढ्याच पैशांत साठ बॉल घ्या आणि तासभर पुरवा. पहिले वीस पाय जुळवून, कमरेच्या उंचीपर्यंत मागे आणि कमरेच्या उंचीपर्यंत पुढे. वेगाचा मोह झाला की तोल जाईल, म्हणून ही शिस्त आपोआप लागते. लय अशी धरा: वर जाताना मनात 'एक, दोन, तीन', बॉलवर 'चार'. चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो. पुढचे वीस एकाच दोषावर, खोका किंवा पंचा ठेवून, आणि प्रत्येक बॉलआधी दोन सावकाश कोरडे (बॉलशिवाय) स्विंग. शेवटचे वीस मात्र कोर्सवर असल्यासारखे: ड्रायव्हर, मग आठ नंबर, मग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब; पहिले पंधरा दिवस फक्त सात नंबर आणि वेज), दर वेळी वेगळं टार्गेट, दर वेळी मागे जाऊन नव्यानं उभं राहणं.

या शेवटच्या वीसमध्ये बॉल वाईट लागतील आणि तुम्हाला वाटेल आपण मागे चाललो. तसं नसतं. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचालींचं एक साधं काम लोकांना शिकवलं. एका गटानं एकच प्रकार सलग घोटला, दुसऱ्यानं प्रकार मिसळून सराव केला. सराव चालू असताना मिसळणारे मागे होते. नंतर परीक्षा घेतली तेव्हा तेच पुढे निघाले. रेंजवर दहावा सात नंबर सुरेख लागतो तो आधीच्या नऊमुळे. कोर्सवर आधीचे नऊ नसतात.

फोननं चित्रीकरण करत असाल तर आठवड्यातून एकदाच करा. फोन हातांच्या उंचीवर, टार्गेटच्या उलट बाजूला, हातांच्या रेषेत ठेवा. जमिनीवर ठेवून वर तोंड केलेल्या फोनमध्ये चांगला मार्गही वाकडा दिसतो, आणि मग नसलेल्या दोषावर महिना जातो.

सहा ते आठ आठवडे द्या. मधल्या काळात स्कोअर बिघडेल. कोर्सवर गेलात तर टीवर फक्त एकच गोष्ट मनात ठेवा, 'भाकरी' किंवा 'फिनिश' (फटका संपल्यावर तोल सांभाळून उभं राहणं), दोन्ही एकदम नाही. पहिले पंधरा दिवस ड्रायव्हर बॅगेतून काढूच नका, सात नंबर आणि वेजवरच राहा. लांब क्लब चूक मोठी करून दाखवतो आणि घाबरवतो. आणि आज नवा ग्लव्ह विकत घ्या, जुना टाकू नका. आठ आठवड्यांनी दोन्ही शेजारी ठेवून कुठे झिजलेत ते बघा. नवा बोटांच्या मुळाशी काळपट झालेला असेल आणि तळव्याचा फुगीर भाग अजून कोरा असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण ड्रायव्हरबद्दल बोलू.